जुन्या बीटलला दोन कार्ब्युरेटर लावताय? आधी लिंकेज कुठलं ते ठरवा

नेरूळहून पाम बीच रोडला एखादी जुनी फोक्सवॅगन बीटल लागली की बाजूच्या गाडीतून मोबाईल बाहेर येतातच. गाडीच्या मालकाचे कान मात्र मागच्या इंजिनकडे असतात. सकाळी सोसायटीतून निघताना इंजिन एका लयीत चालत होतं. बेलापूरपर्यंत जाऊन परत येईस्तोवर सिग्नलला तेच इंजिन थरथरायला लागतं, आयडलिंग वर चढतं, मिसिंग येतं. मेकॅनिक जेट साफ करतो, प्लग बदलतो. फरक शून्य.

गाडीला दोन कार्ब्युरेटर लावलेले असतील, तर बरेचदा दोष त्यांचा नसतोच. दोष असतो त्या दोघांना एकत्र हलवणाऱ्या दांड्यांचा, म्हणजे थ्रॉटल लिंकेजचा.

बीटलच्या इंजिनात चार सिलिंडर असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. पाणी नाही, रेडिएटर नाही, पंख्याच्या हवेवर सगळा कारभार. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी तयार झाली तोवर २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल बनल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींना मधोमध एकच कार्ब्युरेटर होता. तिथून लांब पाइपांतून दोन्ही बाजूंना पेट्रोल-हवेचं मिश्रण जातं. वाट लांब, त्यामुळे पिकअप सुस्त. म्हणून हौशी लोक प्रत्येक बाजूला एक असे दोन कार्ब्युरेटर बसवतात. हा काही गॅरेजमधला जुगाड नाही. फोक्सवॅगनने स्वतःच १९६३ मध्ये आपल्या टाइप ३ मालिकेतल्या १५०० एस या गाडीला दोन कार्ब्युरेटर दिले होते.

अडचण इथूनच सुरू होते. पेडल एक, वायर एक आणि झडपा दोन ठिकाणी. राजदूत ३५० आठवत असेल, तर त्यातही दोन कार्ब्युरेटर होते आणि रेसची एक वायर पुढे दोन फाट्यांत जायची. पण तिथे दोन्ही कार्ब्युरेटर शेजारी शेजारी. बीटलमध्ये मधे अख्खं इंजिन येतं. आणि हे इंजिन गरम झालं की रुंद होतं!

किती? कार्ब्युरेटरमधलं अंतर ७० सेंटिमीटर आणि तापमानातली वाढ ८० अंश धरा. मधला सगळा भाग ॲल्युमिनियमचा असता, तर तो साधारण १.३ मिलिमीटरने वाढला असता. सिलिंडर ओतीव लोखंडाचे असतात आणि लोखंड कमी फुगतं, म्हणून ढोबळमानाने १ मिलिमीटर धरू. ऐकायला काहीच नाही. पण थ्रॉटलचा लिव्हर ३० मिलिमीटरचा असेल, तर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास २ अंश. आयडलिंगला झडप उघडी असते तीच मुळात काही अंश. त्यात एका बाजूला २ अंशांची भर पडली, तर दोन सिलिंडर पळणार आणि दोन फरफटत जाणार.

आता लिंकेज निवडताना काय बघायचं ते कळतं. वायर एका कार्ब्युरेटरला आणि तिथून एक लांब आडवी दांडी दुसऱ्याला, ही रचना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. इंजिनचं अख्खं फुगणं त्या दांडीच्याच दिशेने येतं. दुसऱ्या प्रकारात मधोमध एक फिरता लिव्हर आणि त्यातून दोन्हीकडे आडव्या दांड्या. यात फुगणं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. त्यामुळे जुळणी फारशी बिघडत नाही, पण गरम झाल्यावर आयडलिंग मात्र हलू शकतं.

तिसरा प्रकार हेक्स बारचा. दोन्ही कार्ब्युरेटरवर आडवा टाकलेला षटकोनी रॉड, वायर त्याला फिरवते आणि दोन उभ्या दांड्या खाली लिव्हर हलवतात. इंजिन फुगलं तर उभी दांडी किंचित कलते, तिची पोच जवळजवळ तीच राहते. रोजच्या वापरात हाच प्रकार उजवा ठरतो. अट एवढीच की दोन्ही दांड्या खरंच उभ्या आणि समांतर हव्यात आणि बार टोकांना घट्ट आवळलेला नको. त्याला सरकायला जागा लागते. नेरूळसारख्या खाडीकाठच्या ठिकाणी पावसाळ्यात साध्या लोखंडाच्या दांड्या आणि बॉल जॉइंट लवकर गंजतात. जॉइंट अडकू लागला की महागातलं लिंकेजही कुचकामी. स्टेनलेस स्टीलचा थोडा जास्त खर्च इथे सार्थकी लागतो.

बसवताना क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया. आधी टॅपेट आणि इग्निशन टायमिंग. मग इंजिन पूर्ण गरम करून, दांड्या काढून ठेवून, दोन्ही कार्ब्युरेटर किती हवा ओढतात ते मीटरने सारखं करायचं. त्यानंतर दांड्यांची लांबी अशी जुळवायची की लिव्हर तसूभरही न हलता त्या जागेवर बसतील. शेवटी अडीच हजार आरपीएमला पुन्हा मोजायचं. थंड इंजिनवर केलेली जुळणी त्या सकाळपुरतीच.

यात एक भाग थट्टेवारी न्यायचा नाही. प्रत्येक कार्ब्युरेटरला स्वतंत्र रिटर्न स्प्रिंग हवीच. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने मागे बघावं. झडपा पूर्ण उघडल्यावर लिव्हर उलटा पडून तिथेच अडकत असेल, तर ती गाडी रस्त्यावर काढू नये. चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर क्लच दाबून न्यूट्रल करायचं, ब्रेक लावायचा आणि मग इग्निशन बंद. चावी बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आणि हे सगळं करण्याआधी गाडीचं आरसी बुक उघडा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अशी नोंदणी हवी असेल तर दोन कार्ब्युरेटर हा मोठा बदल मानला जाईल का, हे आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं. मूळ कार्ब्युरेटर, त्याचे पाइप आणि वायर भंगारात देऊ नका.