शिबेनिक : एका दिवसाचे वास्तुदर्शन

क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर, क्रका नदीच्या मुखाशी वसलेले बंदर. स्प्लिटहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. या किनाऱ्यावरच्या अनेक शहरांचा पाया ग्रीक किंवा रोमन आहे; शिबेनिक मात्र क्रोएटांनी वसवले. त्याचा पहिला उल्लेख राजा पेतार क्रेशिमिर चौथा याच्या १०६६च्या सनदेत येतो. पुढे १४१२ ते १७९७ येथे व्हेनिसचा अंमल होता.

वेळ कमी असेल तर बाकीचे सोडून सेंट जेम्सचे कॅथीड्रल पाहावे. काम १४३१मध्ये सुरू झाले. १४४१मध्ये ते युराय डाल्मातिनात्सकडे आले व त्याच्या मृत्यूनंतर निकोला फिरेंतिनात्सने पुढे नेले. १५३५च्या सुमारास इमारत पुरी झाली. भिंती, कमानी, छत, घुमट सगळे दगडाचे. वीट नाही की लाकडी वासा नाही. दगडी फासळ्यांच्या खाचांत दगडी फळ्या सरकवून छत जुळवले आहे. ही सुतारकीची रीत पाथरवटाने उचललेली दिसते. आतली गोलाई झाकायला वर वेगळे छप्पर नाही, त्यामुळे दर्शनी भिंतीची तीन पाकळ्यांची कड म्हणजे आतल्या छताचाच छेद होय. वास्तूचा खरा मोठेपणा यात आहे; छायाचित्रे काढण्याच्या घाईत तो हमखास निसटतो.

मागच्या बाजूच्या भिंतींवर सत्तरहून अधिक मानवी मस्तके कोरली आहेत. त्यांत मिशाळ पुरुष, पागोटेवाले, वेणी घातलेल्या बायका, पोरेही दिसतात. बांधकामाला पैसे न देणाऱ्या चिक्कूंचे हे चेहरे, अशी आख्यायिका आहे. पुरावा नाही, पण चेहरे पाहता अगदीच अशक्य वाटत नाही. १९९१च्या तोफमाऱ्यात घुमटाला इजा झाली, ती नंतर दुरुस्त झाली. २०००पासून कॅथीड्रल जागतिक वारसा यादीत आहे.

समोरच्या नगरभवनाची कमानदार ओवरी सोळाव्या शतकातली असली, तरी १९४३च्या बॉम्बहल्ल्यानंतर ती नव्याने उभारली गेली. पुढच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्या सेंट मायकलच्या किल्ल्याकडे चढतात; चढण दमवते, परंतु कॅथीड्रलचा घुमट वरून पाहायला मिळतो.

दुपार खाडीच्या तोंडावरच्या सेंट निकोलस या जलदुर्गासाठी ठेवावी. जान जिरोलामो सान्मिकेलीच्या आराखड्याने सोळाव्या शतकात बांधलेल्या या दुर्गाचा पाया दगडी आणि वरचे काम मुख्यतः विटांचे आहे. तोफेचा गोळा दगडाला तडकावतो, वीट मात्र त्याचा धक्का जिरवते, हा हिशेब त्यामागे होता. २०१७मध्ये व्हेनिसच्या इतर तटबंद्यांसोबत हाही वारसा यादीत आला.