उघड्या बॉनेटची चाळीस वर्षे

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या त्या गाडीची २० वर्षांची मुदत संपली होती. त्या वेळी जे लिहिले आणि बोलले गेले, ते बहुतेक काळ्या-पिवळ्या रंगाविषयी आणि सिनेमात दिसलेल्या मुंबईविषयी. पण या गाडीबरोबर आणखी एक चाल आपल्याकडे रुजली आणि मावळली, तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात बॉनेट उघडून, जुने वर्तमानपत्र पसरून, पाने आणि पक्कड मांडून मालकाने स्वतः गाडी दुरुस्त करणे ही ती चाल. टंचाईतल्या माणसाची ती नाइलाजाची धडपड होती, असे समजून आपण तिला निकालात काढतो. मला हे निदान अपुरे वाटते. टंचाईने माणसाला बॉनेट उघडायला लावले असेल, पण उघडल्यावर आत जे दिसले ते त्याला समजू शकत होते, म्हणून ही चाल चाळीस वर्षे टिकली.

मोटार जितकी जुनी तितकी ही चाल जुनी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ज्यांच्या दारी मोटार आली, ते संस्थानिक, गिरणीमालक, मोठे वकील असे लोक होते आणि गाडीबरोबर तिचा शोफरही असे. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच आग पेटती ठेवणारा, म्हणजे यंत्राची निगा राखणारा माणूस. मालक मागे बसे आणि वंगणाचे काळे हात शोफरचे असत. पुढे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, फोर्डही आली, पण या गाड्यांचे सुटे भाग परदेशातून येत आणि मॉडेल दर काही वर्षांनी बदलत. चित्र पालटले ते स्वातंत्र्यानंतर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की ज्यांना भारतातच भाग तयार करायचे आहेत त्यांनीच राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन गाड्या: कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाऱ्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

या तीन गाड्यांचे राज्य हा ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायच होता. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात वर्षाला ५०,००० मोटारीही तयार होत नसत. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि हाती आलेल्या गाडीत कारखान्याने सोडलेल्या उणिवा मालकाला निस्तराव्या लागत. पण याच कोंडीतून एक गोष्ट अशी घडली की जी कुणी योजली नव्हती. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, पुढची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी या नावे बदललेल्या एकाच गाडीच्या आवृत्त्या होत्या. १,०८९ सीसीचे तेच चार सिलिंडरचे इंजिन जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालत राहिले. याचा परिणाम असा की १९६५ साली शिकलेली गोष्ट १९९५ सालीही उपयोगी पडे. वडिलांनी जमवलेले एमएम पाने मुलाच्या गाडीला लागत. (अँबॅसडरवाल्यांची पंचाईत वेगळी होती. तिचा वंश इंग्रजी, म्हणून तिला इंची पाने. देशाने मेट्रिक मापे स्वीकारली तरी बोल्ट इंचातच राहिले.) ज्ञान साचायला काळ लागतो, आणि यंत्र स्थिर राहिले तरच तो मिळतो. मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत नवे भाग, कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने आणि जे कुठेच मिळत नाही ते लेथवर करून देणारा कुणीतरी, अशी साखळी याच स्थैर्यावर उभी राहिली. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी तर नमुना दाखवला की तसाच भाग हाती पडे, इतकी लेथ आणि ओतशाळांची दाटी होती.

आता त्या उघड्या बॉनेटखाली काय दिसे ते नीट पाहू, कारण माझे सारे म्हणणे त्यावर टेकलेले आहे. डिस्ट्रिब्युटरचे काळे झाकण दोन क्लिपा सोडून काढले की आत ‘पॉइंट’ दिसत. दोन छोटे धातूचे तुकडे, एक स्थिर, एक हलता. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हे पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडतात आणि दर उघडण्याला एका प्लगमध्ये ठिणगी पडते. इतक्या वेळा उघडझाप झाल्यावर धातूवर खड्डा आणि उंचवटा तयार होतो, हलत्या पॉइंटची फायबरची टाच झिजते आणि दोन तुकड्यांमधली फट कमी होत जाते. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. गाडी चढाला दमते, तापते, पेट्रोल जास्त पिते. उपाय असा: पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांबवायचे, फीलर गेजची सुमारे ०.४ मि.मी. जाडीची पाती मध्ये सरकवायची आणि ती हलकीशी अडेल इतपत ठेवून स्क्रू आवळायचा. फीलर गेज नसेल तर दाढीच्या ब्लेडची चार पाती एकत्र धरली की मापाच्या जवळपास येते. मग टायमिंग. बारा व्होल्टचा बल्ब पॉइंटला जोडून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, ज्या क्षणी पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इथे कुठलाही पडदा नाही. शाळेत विज्ञान शिकलेल्या कुठल्याही माणसाला हे तासाभरात समजावे, आणि समजले की गाडीच्या आवाजात पडलेला फरक कानाला लगेच कळावा, अशी ही रचना आहे.

मनस्तापही तितकाच खरा होता आणि त्याला गोड रंग देण्यात अर्थ नाही. गंजलेल्या बोल्टवरून पाना सटकला की बोल्टचे डोके गोल होई. जोर केला की स्टड आतच तुटे आणि दहा मिनिटांच्या कामाचे दोन रविवार होत. नकली प्लग, नकली कंडेन्सर, आटे धड न पाडलेले नट बाजारात सर्रास होते. टाकीतला गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडके. जेट फुंकून साफ करायचे असते, तार घातली तर भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते, हे बऱ्याच जणांना जेट बिघडवल्यावर कळे. जुलैच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरली की गाडी चौकात बंद. एप्रिल-मेमध्ये खंडाळ्याच्या घाटात इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की पुन्हा बंद, मग पंपावर ओले फडके टाकून बसायचे. हेड उतरवून कार्बन खरवडणे आणि व्हॉल्व्ह बसवणे हे तर मोठेच काम. पेस्ट लावून, टोकाला व्हॉल्व्ह धरलेली काठी दोन तळव्यांमध्ये रवीसारखी घुसळत राहायचे, व्हॉल्व्हच्या कडेला सगळीकडून सारखा करडा पट्टा उमटेपर्यंत. तो पट्टा अखंड उमटला की झालेले समाधान लहान, पण ते उसने आणलेले नसे. पट्टा अखंड आहे की नाही हे डोळ्यांना दिसे, कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नसे.

पहिला आक्षेप टंचाईचाच. नवी गाडी सहज मिळाली असती, सर्व्हिस चांगली असती, तर या माणसांनी कशाला हात काळे केले असते? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच काळातल्या दुसऱ्या एका टंचाईशी ताडून पाहा. टेलिफोनसाठीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती आणि तोही वरचेवर बंद पडे. तरी टेलिफोन दुरुस्त करणारा गृहस्थ तयार झाला नाही. उपकरण सरकारचे, तार सरकारची, बिघाड असे तो बहुधा खांबावर नाहीतर एक्स्चेंजमध्ये. लोक तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहत बसले. उलट रेडिओ पाहा. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, सर्किटचे नकाशे छापलेले असत, आणि रेडिओ स्वतः जोडणारी, दुरुस्त करणारी मुले गावोगावी निघाली. टंचाई सगळीकडे सारखी असताना दुरुस्तीची चाल तिथेच रुजली जिथे वस्तू आपल्या मालकीची होती, तिचे भाग खुल्या बाजारात होते आणि तिची रचना वाचता येत होती. टंचाईने निमित्त दिले, हे मान्य. जमीन या तीन गोष्टींची होती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ‘स्वतः दुरुस्ती’ करणारा हा मालक कोण होता? ज्या देशात मोटारच मूठभरांकडे होती, तिथे ही चाल मूठभरांचीच. शिवाय खरे कठीण काम, बोअर करणे, डेंट काढणे, गिअरबॉक्स उतरवणे, हे गॅरेजमधल्या उस्तादाने आणि त्याच्या हाताखाली शाळा सोडून आलेल्या पोरांनी केले. मालकाचा रविवारचा छंद आणि त्या पोराचे रोजचे कष्ट एका मापाने मोजता येत नाहीत. घरातल्या बायकांच्या हाती पाना क्वचितच दिला गेला, हेही खरे. तरीसुद्धा लेखणी धरणाऱ्या मराठी माणसाने हाती पाना घेणे ही लहान घटना नाही. हाताच्या कामाला हलके समजणाऱ्या समाजात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचे दुकान थाटले होते, आणि १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ने यंत्राविषयीची आस्था घरोघर नेली. फियाटचे बॉनेट त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. ज्याने स्वतः एकदा क्लच ॲडजस्ट केला, त्याला मेकॅनिकच्या कामाची किंमत कळली आणि लबाडीही ओळखता आली. हा दुसरा भाग व्यवहारात जास्त मोलाचा ठरला असेल.

मग ही चाल गेली कशाने? लोक आळशी झाले, हे उत्तर मला मान्य नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे ७९६ सीसीचे इंजिनही कार्ब्युरेटरवरच चाले, म्हणजे तीही वाचता येण्याजोगीच होती. फरक हा की ती बंद पडेना. दर पंधरवड्याला बॉनेट उघडण्याचे कारणच उरले नाही आणि सरावाशिवाय हातवळण टिकत नाही. ही चांगलीच गोष्ट झाली, गाडीने न बिघडणे हाच तिचा धर्म. दुसरा फटका धुराने दिला. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला आणि पाठोपाठ देशभर कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कानाने ट्यून केलेल्या गाड्या भरपूर विषारी धूर सोडत होत्या, आणि शहरातल्या मुलांची फुप्फुसे कुणाच्याही रविवारच्या समाधानापेक्षा मोलाची आहेत. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी संगणक बसवावा लागला, पण त्या संगणकाची भाषा मालकापासून आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकपासून लपवावी लागत नव्हती. ते लपवणे हा धंद्याचा निर्णय होता, आणि हे आता सिद्ध झालेले आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण, सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने त्यांनी खुल्या बाजारात स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली नव्हती. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. कंपन्यांच्या बाजूने सुरक्षिततेचा मुद्दा मांडला जातो: एअरबॅग, एबीएस असलेल्या गाडीत अडाणी हाताने ढवळाढवळ झाली तर जीव जाईल. पण ब्रेक लायनर बदलणे हे फियाटच्या काळातही जिवावरचेच काम होते, आणि अडाणीपणा कमी करायचा तर मॅन्युअल लपवून तो वाढतोच. जिथे माहिती मिळत नाही तिथे हात थांबत नाहीत, अंदाजाने चालतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. मोटारींचा त्यात समावेश आहे. पोर्टलवर माहिती ठेवणे आणि ती मागण्याचा कायदेशीर हक्क असणे यात मात्र मोठे अंतर आहे, आणि हा हक्क कायद्यातच लिहायला हवा.

या लपवाछपवीत एक फट मात्र कायद्यानेच ठेवली आहे. एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना बिघाड स्वतः नोंदवणारी ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात काही शे रुपयांचे ब्लूटूथ रीडर लावले की धुराशी संबंधित बिघाडांचे कोड मोबाइलवर वाचता येतात. पॅनलवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडी थरथरते आहे, कोड दिसतो पी-०३०१: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. फियाटवाला अशा वेळी चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढे. वायर काढूनही ज्या सिलिंडरवर आवाजात फरक पडत नाही, तो दोषी. आजच्या गाडीत, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल वेगळी असेल तर, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड पुसायचा आणि गाडी पुन्हा चालवायची. दिवा परत लागला आणि या वेळी पी-०३०२ दिसला, तर बिघाड कॉइलबरोबर सरकला आहे. कॉइल गेली, नवी आणायची, दहाचा पाना लागेल.