पाचर आणि सूर : गिटारच्या हलत्या घोडीचा इतिहास

खांडबाऱ्यात पाचर म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. कुदळीचा दांडा ढिला झाला की आपण लाकडाची कपची ठोकतो आणि कामाला लागतो. हीच पाचर इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात कशी जाऊन बसली, ते आज पाहू.

1954 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली. तिची घोडी हलती होती. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर खाली येतो, सोडली की मागच्या स्प्रिंगा घोडीला जागेवर आणतात. या रचनेचं पेटंट 1956 मध्ये मिळालं. नाव मात्र चुकलं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. इथे तर सूरच वर-खाली होतो.

अडचण तराजूसारखी आहे. एकीकडे तारांचा ताण, दुसरीकडे स्प्रिंगांचा. घोडी अधांतरी ठेवलेली असेल आणि एक तार तुटली, तर स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. लग्नाची सुपारी, मांडवात नाच रंगलेला आणि जवळ एकच गिटार, अशा वादकाने करायचं काय?

उत्तर वादकांनीच शोधलं. कंपनीही सुरुवातीपासून पक्क्या घोडीची स्ट्रॅटोकास्टर विकत होती. पण हलती घोडी ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती घरीच बांधली. एरिक क्लॅप्टन यांच्या गिटारमध्ये पाचही स्प्रिंगा आणि लाकडाचा ठोकळा असतो, हे प्रसिद्धच आहे.

रीत साधी आहे. आधी तारा सैल करायच्या. मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे स्क्रू आवळायचे, म्हणजे घोडी लाकडावर टेकते. मग घोडीखालचा धातूचा ठोकळा आणि खोबणीची शेपटाकडची भिंत यांमध्ये सागाचा तुकडा घासून घट्ट बसवायचा. आता तार खेचली तरी घोडी उठत नाही, आणि तुटली तरी खाली जायला जागा नाही.

आपल्याकडे तबल्याच्या वाद्यांखाली लाकडी गठ्ठे असतात. ठोकून खाली सरकवले की सूर चढतो. म्हणजे लाकडाने ताण सांभाळणं आपल्याला नवं नाही. फक्त हा तुकडा डिंकाने चिकटवू नका. पुढे कुणाला सूर हलवावासा वाटला, तर तो काढता आला पाहिजे.