चोलामंडल : कलावंतांचे गाव

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात कलावंतांचे संघ पुष्कळ आढळतात. १९४३ साली कलकत्त्यात ‘कॅलकटा ग्रुप’ निघाला, पुढल्याच वर्षी मद्रासेत ‘प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन’ स्थापन झाली आणि १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ एकत्र आला. अशा संघांचे आयुष्य बहुधा अल्प ठरते. मुंबईच्या गटातले सूझा १९४९ मध्ये लंडनला आणि रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. त्यानंतर तो गट फार काळ टिकला नाही. प्रदर्शनापुरते एकत्र येणे सोपे असते, एकमेकांच्या शेजारी घर बांधून राहणे ही निराळी गोष्ट. ती मद्रासच्या चित्रकारांनी केली. १९६६ साली शहराच्या दक्षिणेस, महाबलिपुरमच्या वाटेवर, इंजंबाक्कम या गावालगत सुमारे तीस चित्रकार-शिल्पकारांनी मिळून समुद्रकाठची आठ-दहा एकर रेताड जमीन विकत घेतली आणि तिथे वसाहत केली. तिचे नाव चोलामंडल. प्राचीन चोळांच्या देशाचेच हे नाव. युरोपीय दर्यावर्दींच्या तोंडी त्याचे ‘कोरोमांडेल’ झाले होते.

या वसाहतीची हकीकत सांगताना सामान्यतः के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) या एका पुरुषाचे स्वप्न म्हणून ती सांगितली जाते. त्यात तथ्य आहे. मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे ते प्राचार्य होते, वसाहतीतले बहुतेक कलावंत त्यांचे विद्यार्थी किंवा सहकारी होते, आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. परंतु स्वप्नाने जमीन विकत मिळत नाही. चोलामंडलचा इतिहास नीट समजून घ्यायचा तर पणिक्करांच्या कॅनव्हासाइतकेच लक्ष एका अगदी साध्या वस्तूकडे द्यावे लागते : बाटिकच्या कापडाकडे.

मद्रासच्या कलाशाळेचा उगम १८५० सालचा. अलेक्झांडर हंटर नावाच्या एका शल्यवैद्याने ती काढली. कारागिरांचे हात सुधारावेत, त्यांच्या मालाला बाजार मिळावा, हा तिच्यामागचा मुख्य हेतू. धातुकाम, लाकूडकाम, मातीकाम हे विषय त्या शाळेत चित्रकलेच्या आधी आले आणि पुढेही टिकून राहिले. १९२९ मध्ये देवीप्रसाद रायचौधुरी हे तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले, तेव्हा तिथल्या ललितकलेला प्रतिष्ठा लाभली. १९५७ मध्ये पणिक्कर त्यांच्या जागी आले. त्यांनी रंग व रेषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कारागिरांच्या कार्यशाळांकडे वळविले. वसाहतकालीन शिक्षणपद्धतीने ‘कला’ आणि ‘हस्तव्यवसाय’ यांच्यामध्ये घातलेली भिंत मद्रासेत इतर ठिकाणांपेक्षा ठेंगणी होती; पणिक्करांनी ती ओलांडायला शिकविले, एवढे निश्चित म्हणता येईल.

त्या काळी मद्रासेत चित्रे विकत घेणारा वर्ग जवळजवळ नव्हताच. मुंबईला निदान काही संग्राहक होते, जहांगीर कलादालन होते, निर्वासित होऊन आलेले युरोपीय रसिक होते. दिल्लीला सरकार होते. मद्रासच्या सुशिक्षित घरांत संगीताला व नृत्याला मान होता. भिंतीवर आधुनिक चित्र लावण्याची चाल नव्हती. शाळेतून पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण कापडगिरणीत नक्षीकार होई, जाहिरात-संस्थेत शिरे, नाही तर कोठे तरी ड्रॉइंग-मास्तर होई. दिवसभर दुसऱ्याची रेषा काढून रात्री आपली रेषा काढायची, आणि काही वर्षांनी तीही सोडायची, असा हा क्रम. बुद्धिमान मुले डोळ्यांदेखत विझत आहेत, ही पणिक्करांची व्यथा होती. वसाहतीची कल्पना त्या व्यथेतून आली. कलावंतांनी निसर्गाच्या कुशीत राहावे, अशा रम्य विचारातून नव्हे.

जमीन घेण्यापूर्वी या मंडळींनी ‘आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन’ नावाची सहकारी स्वरूपाची संस्था काढली. चित्रकार दिवसाचा काही वेळ बाटिक करू लागले. तंत्र जुने आणि सोपे आहे : कापडावर वितळलेल्या मेणाने रेखाटन करायचे, कापड रंगात बुडवायचे, मेण असेल तिथे रंग शिरत नाही, पुन्हा मेण, पुन्हा रंग, शेवटी गरम पाण्याने मेण काढून टाकायचे. मेणाला बारीक तडे जातात आणि त्यांतून झिरपलेल्या रंगाची जाळी उमटते. ज्याचा रेषेवर हात बसला आहे त्याला हे काम लवकर साधते. चामडे, धातू, मातीची भांडी हेही होते, पण खपले ते मुख्यत्वे बाटिक. कॅनव्हास न घेणारे गिऱ्हाईक पडदा, दुपट्टा, भिंतीवरचे कापड आनंदाने नेत असे. या विक्रीतून जमलेल्या पैशाने इंजंबाक्कमची जमीन आली, आणि सत्तरीच्या दशकात वसाहत आपल्या पायांवर उभी राहिली ती याच उत्पन्नावर.

या व्यवहाराचे दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, कलावंताने आपल्या चित्राला बाजाराप्रमाणे वाकवू नये. बाजारासाठी बाटिक आहे. दुसरा, जागेचा मालक कलावंत स्वतः. कोणी धनिक आश्रयदाता नाही, सरकारी खाते नाही. आरंभी तिथे वीज नव्हती, रस्ता धड नव्हता, माडांच्या झावळ्यांची छपरे होती. पण ती छपरे त्यांची होती.

मराठी वाचकाला इथे मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेची आठवण होणे स्वाभाविक आहे. भुलाभाईंच्या पश्चात त्यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यात पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत कलावंतांना काम करण्यास जागा मिळत असे. हुसेन, गायतोंडे, नसरीन मोहमदी यांनी तिथे चित्रे काढली. अल्काझींच्या नाट्यतालमी तिथे होत. रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा तिथेच होती. एका जिन्यावर चित्रकार, नट आणि सतारवादक रोज एकमेकांना भेटत. मद्रासच्या रेताड जमिनीपेक्षा हे वातावरण निःसंशय अधिक संपन्न होते. पण घर दुसऱ्याचे होते. पुढे तो बंगला पाडला गेला, त्या जागी उंच इमारत आली, आणि मंडळी पांगली. गायतोंडे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी दिल्लीला गेले. माझ्या मते औदार्यावर उभी राहिलेली वास्तू आणि बाटिकवर उभी राहिलेली वस्ती यांतला फरक इथे दिसतो.

चोलामंडलात चित्रे कोणती निघाली, हा प्रश्न अर्थात महत्त्वाचा. पणिक्करांनी १९६३ पासून ‘शब्द आणि प्रतीके’ ही चित्रमालिका सुरू केली होती. कुंडलीसारखे चौकोन, अंक, लहान आकृत्या, मल्याळम वळणाच्या अक्षरांच्या ओळी यांनी ती चित्रे भरलेली असतात. ओळी वाचता मात्र येत नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही चित्रे आवर्जून पाहावीत. अर्थ गळून गेल्यावर लिपीत काय उरते, याचा इतका धीट प्रयोग त्या दशकात शब्दांच्या माध्यमातूनही फारसा झाला नाही. जे. सुलतान अली जन्माने मुंबईचे. आदिवासी प्रतिमांचे आणि दैवतांचे त्यांना विलक्षण आकर्षण, तेही इथे येऊन राहिले. हरिदासन यांनी तंत्रातील भौमितिक आकृत्या घेतल्या. पणिक्करांचे चिरंजीव एस. नंदगोपाल यांनी तांब्या-पितळेचे पत्रे व तारा जोडून समोरून पाहावयाची शिल्पे घडविली. देवळातल्या प्रभावळीची स्मृती त्यांत आहे. वासुदेव, अर्नवाज, गोपीनाथ, सेनाधिपती, अनिला जेकब अशी आणखी नावे घेता येतील. एकत्र राहूनही त्यांची शैली एक झाली नाही. रेषेचे प्राधान्य मात्र बहुतेकांत दिसते, आणि त्यात मेणाच्या त्या रेखाटनाचा थोडा वाटा असावा, असे मला वाटते. समीक्षकांनी तंत्रमार्गाविषयी जितके लिहिले, त्याच्या दशांशही या हातकामाविषयी लिहिलेले नाही.

के. रामानुजम यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. १९४० मध्ये जन्मलेला हा चित्रकार बोलताना अडखळे, माणसांत बुजे. पणिक्करांनी त्याला शाळेत आणि नंतर वसाहतीत सांभाळले. काळ्या शाईने तो एक स्वतंत्र नगरी रेखाटीत असे : कमानी, जिने, सर्पाकृती पशू, उडणाऱ्या स्त्रिया, आणि मध्येच टोपी घातलेला तो स्वतः, जणू त्या नगरीचा राजा. कागदाचा कोपरा रिकामा सोडणे त्याला जमत नसे. बाहेरच्या जगात ज्याला उभे राहता आले नसते अशा माणसाला चोलामंडलने छप्पर दिले, काम दिले, त्याच्या चित्रांची कदर करणारे शेजारी दिले. तरीही १९७३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपविले. वसाहतीच्या गौरवपर लेखनात हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो. तिथल्या लोकांना तो तसा उरकता आला नसणार. उपजीविकेचा प्रश्न सामुदायिक रीतीने सुटू शकतो, हे या गावाने दाखविले होते. एका माणसाचे एकाकीपण तसे सुटत नाही, हेही तिथेच दिसले.

काही जण आरंभीच दूर गेले. अक्कित्तम नारायणन १९६७ मध्ये आणि विश्वनाथन १९६८ मध्ये पॅरिसला जाऊन स्थायिक झाले, एम. व्ही. देवन केरळात परतले. वासुदेव पुढे बंगलोरला गेले. १९७७ मध्ये पणिक्कर वारले तेव्हा वसाहत मोडेल असे अनेकांना वाटले होते. ती मोडली नाही. पाहुण्या कलावंतांसाठी तिथे खोल्या व कार्यशाळा झाल्या, खुले नाट्यगृह झाले, देशी-परदेशी चित्रकार येऊन काम करून जाऊ लागले. १९७६ साली ललित कला अकादमीने दिल्लीतल्या गढी या जुन्या वास्तूत कलावंतांसाठी कार्यशाळा उघडल्या. तिथे साधने उत्तम आहेत, पण कलावंत तिथे येतो आणि संध्याकाळी घरी जातो. चोलामंडलात घर आणि कार्यशाळा यांत अंगणाएवढेच अंतर.

बाटिकचे दिवस हळूहळू सरले. ऐंशीच्या दशकानंतर चित्रांनाच गिऱ्हाईक मिळू लागले, आणि मेणाची भांडी बाजूला पडली. महाबलिपुरमचा तो रस्ता पूर्व किनारा मार्ग म्हणून रुंद झाला, दोन्ही बाजूंना बंगले व करमणुकीची केंद्रे उठली, कापड विकून घेतलेली ती वाळू शहरातल्या महागड्या जमिनींत मोजली जाऊ लागली. २००९ मध्ये वसाहतीत मद्रास कलाचळवळीचे संग्रहालय उघडले. पणिक्कर, सुलतान अली, रामानुजम आणि त्यांचे समकालीन तिथे एका छपराखाली पाहावयास मिळतात. नंदगोपाल २०१७ मध्ये गेले. काही घरांत दुसरी पिढी राहते, आणि अंगणातल्या झाडांखाली दगडी शिल्पे उभी आहेत.