मूळ यकृतात, घाव मूत्रपिंडावर

यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या नोएडा नगरीत राष्ट्रीय जैविक संस्थान आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत रोगी येत नाहीत; लसी, रक्तापासून बनविलेली औषधे आणि रक्तातील विषाणू ओळखणारे चाचणीचे संच येथे पारखले जातात. या पारखीचा मूत्रपिंडाच्या दुखण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गेल्या काही दशकांच्या इतिहासात आहे.

१९६०च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लम्बर्ग यांनी 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूची खूण रक्तात हुडकली. १९७१ मध्ये तीच खूण, प्रतिपिंडांशी जखडलेली, एका रुग्णाच्या मूत्रपिंडात आढळली. विषाणू यकृतात ठाण मांडतो. त्याच्याशी झुंजताना निर्माण झालेली संयुगे रक्ताबरोबर वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात. मग प्रथिने मूत्रावाटे निघून जातात आणि अंगावर सूज चढते. १९८९ मध्ये ओळख पटलेला 'क' विषाणूही असाच उपद्रव करतो, हे पुढे दिसून आले.

उपचार करणाऱ्यांपुढे खरा पेच येथेच उभा राहिला. गाळण्यांचा दाह शमविण्यासाठी स्टेरॉइड द्यावे, तर देहाची प्रतिकारशक्ती मंदावून विषाणू फोफावे. इंटरफेरॉनची इंजेक्शने द्यावीत, तर दुर्बल रोग्यास ती सोसवत नसत. 'ब' विषाणूस आवरणाऱ्या गोळ्या आल्या; परंतु त्या बहुधा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी टेनोफोविरसारखे औषध स्वतःच मूत्रपिंडास बाधू शकते. २०१३ पासून सोफोसबुविरसारख्या औषधांमुळे 'क' विषाणू काही आठवड्यांत नाहीसा करणे शक्य झाले. तथापि हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने, ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली होती, त्यांनाच ते देण्यास वैद्य प्रारंभी कचरत. अधिक अनुभवानंतर ही भीती ओसरली.

२८ जुलै २०१८ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषधे विनामूल्य मिळू लागली. तरीही एक मर्यादा राहतेच. विषाणू हटला, तरी गाळण्यांवर पडलेले जुने व्रण भरून येत नाहीत. म्हणून मूत्रात प्रथिने दिसताच रक्तात 'ब' वा 'क' विषाणू आहे काय, हे पाहावयास हवे. ती चाचणी खोटी ठरली, तर उपचाराची दिशाच चुकते. नोएडातील त्या पारखीचे मोल रोग्याला पोहोचते ते येथे.