कोहळं परदेशी, वांगं घरचं



अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या घरांत हल्ली एक वाद हमखास ऐकू येतो. सुनेनं बाहेरदेशाचा एखादा पदार्थ करायचं म्हटलं की सासूबाई म्हणतात, "हे आपलं नव्हे, आपल्यात चालत नाही." आणि सून समजते, असा पदार्थ म्हणजे महागडं पाकीटच आणावं लागणार. म्हणून म्हटलं, आपल्याच ओट्यावरच्या डब्यांचा इतिहास एकदा काढून बघू.

ज्वारीपासून सुरुवात करू. ही मूळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीत अशी रुजली की तिला पाहुणी म्हणायची कोणाची हिंमत नाही. मिरची त्या मानानं कालची. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेकडे पोहोचला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या व्यापारातून मिरची, मका, काजू, पपई ही तिकडची पिकं आपल्याकडे पसरत गेली. वऱ्हाड १५९६ मध्ये अकबराकडे गेलं. त्याच काळातल्या 'आइन-इ-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याच्या पाककृती मापांसकट दिल्या आहेत. त्यांत मिरी आहे, आलं आहे, पण मिरची नाही! म्हणजे ठेच्याशिवायही वऱ्हाड शतकानुशतकं जेवत होतं. शेंगदाणेही दक्षिण अमेरिकेतले. आपण ज्याची गूळ घालून बोंडं तळतो ते कोहळं, म्हणजे पुण्याकडचा लाल भोपळा, तेही अमेरिकेतलंच. सोयाबीन चीनकडचं. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत त्याचे आहाराचे प्रयोग केले, तेव्हा लोकांना ते नवलाचं होतं. आज अकोल्याच्या चारही बाजूंना तेच पीक दिसतं.

आता आपल्या नियमाकडे या. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त मुळा, ओलं आलं, लोणी यांचा त्याग सांगितला आहे. हे सगळं आपल्या ओळखीचंच आहे. बटाट्याचं नाव तिथं असणं शक्यच नव्हतं, तो तेव्हा पेरूच्या डोंगरात होता. तरी बटाटा आला तेव्हा आपल्या बायकांनी तो कुठून आला हे विचारलं नाही. तो कुठे वाढतो आणि त्यात जीव किती, हे विचारलं आणि कंदमुळात टाकला. शेंगदाणाही जमिनीतच वाढतो, पण ती वाळणारी शेंग आहे, कंद नव्हे, म्हणून बहुतेक घरांत चालला. आणि वांगं? ते तर अगदी आपल्याच देशातलं. वऱ्हाडात भरताशिवाय पंगत नाही, तरी बहुबीज म्हणून कित्येक जैन घरांत ते येत नाही. माझ्या आजेसासूबाई टोमॅटोही आणू देत नसत, रंगावरून त्यांना किळस यायची. ती त्यांची आवड-नावड होती, शास्त्र नव्हे, असं मला वाटतं.

एवढं ध्यानात आलं की परदेशी पदार्थाची भीती राहत नाही आणि खर्चही वाढत नाही. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून किसरा नावाची पातळ पोळी करतात. आपल्याला आंबवलेलं नको. ज्वारीच्या पिठात ताजं ताक, मीठ, जिरं घालून लगेच तव्यावर धिरडं पसरायचं. ज्वारी द्विदल नाही, त्यामुळे ताकाची अडचण नाही. मात्र त्यात बेसन मिसळू नका.

उत्तर इटलीतले गरीब शेतकरी मक्याच्या भरड्याची घट्ट लापशी खात. हॉटेलात पोलेंटा म्हणून भाव खाते ती हीच. आपल्या कण्यांचीच बहीण. पण नुसत्या मक्यावर राहिल्यामुळे त्या लोकांना पेलाग्रा हा रोग जडला. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे त्यांना त्याचा त्रास होत नसे. मका युरोपात गेला, रीत मात्र तिकडेच राहिली. बायकांचं ज्ञान असं मागे राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. आपण मक्याच्या कण्या करू तेव्हा सोबत तुरीचं वरण असू द्या.

सगळ्यांत स्वस्त आणि माझा आवडता म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला शेंगदाण्याचा रस्सा. तिकडे त्यात कांदा आणि पालेभाजी घालतात. कांदा आपल्याला नकोच आणि चातुर्मासात पालेभाजीही नको, म्हणून कोहळं घ्यायचं. पावभर कोहळ्याच्या फोडी, दोन टोमॅटो, वाटीभर भाजलेल्या दाण्याचा बारीक कूट. तेलात जिरं, हिंग, लाल तिखट, मग टोमॅटो अगदी गळेपर्यंत. फोडी टाकून दोन वाट्या गरम पाणी घाला. फोडी मऊ झाल्या की कूट घालून मंद आचेवर ठेवा, वर तेल दिसू लागलं की उतरवा. घरात टोमॅटो चालत नसेल तर चिंचेचा कोळ घाला. संध्याकाळी करणार असाल तर दाणे सकाळीच भाजून ठेवा, म्हणजे सूर्यास्ताआधी पानं घेताना धावपळ होत नाही. भाकरीशी खायचा तर रस्सा दाट ठेवा, भाताशी असेल तर आणखी वाटीभर पाणी.