आत्झे, यूझेन

आत्झे, झां यूझेन ओग्यूस्त : (१२ फेब्रुवारी १८५७ – ४ ऑगस्ट १९२७). फ्रेंच छायाचित्रकार. पॅरिसचे जुने रस्ते, वाडे, दुकाने, फेरीवाले आणि राजोद्याने यांची तीस वर्षांहून अधिक काळ छायाचित्रे घेऊन त्याने जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यालाच पुढील पिढ्यांनी रस्त्यावरील छायाचित्रणाच्या आधुनिक परंपरेचा पाया मानले. हयातीत मात्र त्याची ओळख एवढीच होती, की चित्रकार, नेपथ्यकार, वास्तुकार आणि ग्रंथालये यांना लागणारे नमुने माफक मोबदल्यात पुरविणारा हा एक व्यावसायिक आहे. आणि आपल्या व्यवसायाची पाटीही त्याने ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशीच लावली होती.

बोर्दोजवळच्या लिबूर्न या गावी एका बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले, त्यांच्यामागोमाग आईही गेली, आणि पोरका झालेला हा मुलगा बोर्दो येथे आजोळी वाढला. पुढे काही काळ त्याने जहाजावर नोकरी केली, आणि १८७८ मध्ये तो पॅरिसला आला तो नट होण्याची आकांक्षा उराशी बाळगूनच. तेथील सरकारी नाट्यविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेस तो नापास झाला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. परंतु त्याच सुमारास सक्तीच्या लष्करी नोकरीचे बोलावणे आल्यामुळे त्याचा वेळ पलटणीत जाऊ लागला, अभ्यास मागे पडला आणि १८८१ मध्ये विद्यालयाच्या पटावरून त्याचे नाव कमी करण्यात आले. त्यानंतर फिरत्या नाटक मंडळ्यांतून दुय्यम भूमिका करीत तो उपनगरांतून आणि मुफसल गावांतून हिंडला. याच काळात त्याच्याहून दहा वर्षांनी वडील असलेली व्हालांतीन कोंपान्यों ही नटी त्याला भेटली व ती अखेरपर्यंत त्याची सहचारिणी राहिली. १८८७ मध्ये स्वरतंतूंच्या विकारामुळे त्याला रंगभूमी सोडावी लागली. काही दिवस त्याने चित्रकलेत हात घालून पाहिला, तेथेही जम बसेना, तेव्हा तिशी उलटल्यावर तो छायाचित्रणाकडे वळला.

रंगभूमीने त्याला नाकारले, तरी तिचे संस्कार त्याच्या दृष्टीत कायमचे मुरले होते, असे त्याची चित्रे पाहताना वारंवार जाणवते. जिन्याचा वळसा, अर्धवट उघडे दार, चौकात पाझरणारा तिरपा उजेड, म्हणजे जेथून कोणीतरी आत येईल किंवा नुकतेच निघून गेले असेल अशा जागा तो अचूक हेरतो, आणि प्रेक्षक कोठे बसला असता ही जागा पूर्ण दिसेल, ते ठिकाण शोधून तेथेच आपली तिवई रोवतो. नाटकावरील त्याचे प्रेमही कधी आटले नाही. कामगारवस्त्यांतील लोकविद्यापीठांत तो नाट्यविषयक व्याख्याने देत असे.

त्याचे साधन जुन्या वळणाचे होते आणि ते त्याने शेवटपर्यंत बदलले नाही. भात्याचा लाकडी कॅमेरा, लाकडी तिवई, १८ × २४ सेंटिमीटर आकाराच्या काचेच्या प्लेटा आणि त्या ठेवण्याच्या चौकटी असा हा सरंजाम होता, आणि तो खांद्यावर घेऊन हा माणूस पहाटेच घराबाहेर पडे. कारण त्या वेळी रस्ते मोकळे असत आणि उजेड मऊ असे. छायांकनाचा काळ दीर्घ असल्याने मध्येच कोणी हलले, तर प्लेटेवर त्याची केवळ धूसर छाया उमटे. दुकानाच्या काचेआडून पाहणारा मालक किंवा गल्लीच्या टोकाला विरघळलेला पादचारी हा त्याच्या चित्रांत अनेकदा भेटतो. उंच इमारती सरळ दिसाव्यात म्हणून भिंग वर सरकवल्यामुळे वरचे दोन्ही कोपरे काळवंडून कमानीसारखे गोल होत, आणि ते झाकण्याचा प्रयत्न त्याने केलेला दिसत नाही. अल्ब्यूमिनचा कागद प्लेटेला चिकटवून तो उन्हात ठेवी व सुवर्णक्षाराच्या द्रावणाने चित्राला तपकिरी-जांभळी छटा देई. असे प्रत्येक चित्र प्लेटेच्याच आकाराचे असते, आणि त्यात दगडावरील शेवाळ, लोखंडी दारठोक्याची झीज, भिंतीवरील फाटक्या जाहिरातीची अक्षरे इतकी स्पष्ट असतात की डोळा तेथेच रेंगाळतो.

१८९८ च्या सुमारास त्याने पॅरिसच्या फेरीवाल्यांची व छोट्या धंदेवाल्यांची माला घेतली. टोपल्या विकणारा, कुल्फीवाला, धार लावणारा, भंगार गोळा करणारा असे हे सारे लोक मोठ्या दुकानांच्या विस्ताराबरोबर हळूहळू दिसेनासे होत होते. या मालेतील पेटीवाद्य वाजविणारा म्हातारा आणि त्याच्याबरोबर गाणारी स्त्री यांचे चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते : दाढीवाला म्हातारा वाद्यावर हात ठेवून निर्विकारपणे समोर पाहत आहे, आणि शेजारची ठेंगणी स्त्री हात पसरून, मान वर करून, भिक्षेच्या गाण्यातही अशी काही प्रसन्न हसते आहे की ते हसू कॅमेऱ्यासाठी नव्हे, वरच्या खिडक्यांसाठी आहे हे तत्काळ कळते.

त्याच्या कामाचा मुख्य विषय होता जुने पॅरिस. १८५३ ते १८७० या काळात तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने बॅरन ओस्मान याने शहराचे मध्ययुगीन गल्लीबोळ पाडून रुंद राजरस्ते काढले, आणि जे उरले होते तेही जाईल या धास्तीने शतकाच्या अखेरीस जुन्या वास्तूंच्या रक्षणाची चळवळ जोर धरू लागली. कार्नाव्हाले संग्रहालय, शहराचे ऐतिहासिक ग्रंथालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय ही सरकारी गिऱ्हाइके आत्झेला याच वाऱ्यामुळे मिळाली. त्याने विषयवार खाती पाडली, प्रत्येक प्लेटेवर क्रमांक कोरला आणि गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी नमुन्यांच्या वह्या ठेवल्या. ही शिस्त एखाद्या जुन्या दप्तरदाराला शोभणारी होती. १९१० मध्ये पॅरिसमधील घरांच्या अंतर्भागांचा जो संच त्याने तयार केला, त्यात वेगवेगळ्या पेशांच्या व दर्जांच्या रहिवाशांच्या खोल्या आहेत. त्यांपैकी एका नाट्यकलावंताचे म्हणून दाखविलेले घर प्रत्यक्षात रू कांपान्य-प्रमिएर या रस्त्यावरचे त्याचे स्वतःचे आहे. पुस्तकांनी भरलेल्या त्या खोलीवर त्याने दुसऱ्याचा पत्ता घातला, पण पेशा मात्र आपण गमावलेलाच घातला, ही गोष्ट त्याच्या चरित्रात मला फार बोलकी वाटते. १९१२–१३ मध्ये तो शहराच्या तटाबाहेरील पट्ट्यात गेला. लष्करी कारणास्तव तेथे बांधकामाला बंदी होती, म्हणून चिंध्या वेचणाऱ्यांनी झोपड्या आणि जुन्या गाड्या यांत संसार थाटले होते. त्यांचीही चित्रे त्याने त्याच काळजीने घेतली.

पहिल्या महायुद्धात व्हालांतीनचा मुलगा कामी आला, धंदा बसला आणि प्लेटा तळघरात ठेवाव्या लागल्या. १९२० मध्ये आपल्याजवळ सारे जुने पॅरिस आहे, आणि आपल्यामागे ते अजाण हातांत पडून नष्ट होईल, अशा आशयाचे पत्र त्याने सरकारी ललितकला खात्याचे प्रमुख पॉल लेओं यांस लिहिले, आणि २,६२१ प्लेटा १०,००० फ्रँकांना सरकारने घेतल्या. या रकमेने त्याला गिऱ्हाइकांच्या मागणीपासून बरीच मोकळीक मिळाली, आणि माझ्या मते त्याचे श्रेष्ठ काम याच अखेरच्या सात वर्षांतले आहे. १९२५ मध्ये सो येथील ओसाड उद्यानात तो वारंवार पहाटे गेला व तेच वृक्ष, तीच तळी, तेच भग्न पुतळे पालटत्या ऋतूंत त्याने पुन्हा पुन्हा घेतले. त्याच वर्षी गोब्लँ मार्गावरील कापडदुकानाच्या दर्शनी काचेचे चित्र त्याने काढले : किमतीच्या चिठ्ठ्या लावलेले कोट घातलेले पुरुषपुतळे आत उभे आहेत, आणि समोरची इमारत व झाडे त्याच काचेत प्रतिबिंबित होऊन त्यांच्या अंगावरून गेली आहेत. रस्ता आत आहे की दुकान बाहेर, हे ठरविणे कठीण जाते.

रू कांपान्य-प्रमिएर याच रस्त्यावर राहणारा अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार मॅन रे याने आत्झेकडून काही चित्रे विकत घेतली. त्यांपैकी बास्तीय चौकात १९१२ चे सूर्यग्रहण पाहणाऱ्या गर्दीचे चित्र अतिवास्तववाद्यांच्या मुखपत्राच्या जून १९२६ च्या अंकावर छापले गेले. आपले नाव घालू नये, ही साधी कागदपत्रे आहेत, असे आत्झेने बजावले होते. हा विनय असेल, परंतु मला त्यात आपल्या धंद्याचा अभिमान अधिक दिसतो. त्याच महिन्यात व्हालांतीन वारली आणि तो खचला. त्यातच खाण्याच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे हट्टी होता. दूध, पाव आणि साखर यांखेरीज तो काही घेत नसे.

मॅन रेची पूर्वीची साहाय्यक बेरेनिस ॲबट हिने १९२७ मध्ये त्याची व्यक्तिचित्रे घेतली. ती दाखविण्यास ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो निवर्तला होता. त्याचा नटमित्र व मृत्युपत्राचा व्यवस्थापक आंद्रे काल्मेत याच्याकडून तिने १९२८ मध्ये उरलेल्या प्लेटा व हजारो मुद्रिते मिळविली, १९३० मध्ये प्येर माक ओर्लां याच्या प्रस्तावनेसह पुस्तक काढले, आणि पुढे चाळीस वर्षे हा ठेवा सांभाळला. तिने स्वतः केलेले न्यूयॉर्क शहराचे मोठे चित्रण याच अभ्यासातून निघाले. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने आत्झेच्या निर्मनुष्य रस्त्यांना गुन्ह्याच्या जागेची उपमा दिली, आणि ती इतकी प्रसृत झाली की त्याच्या चित्रांतील माणसांकडे दुर्लक्ष होऊ लागले. फेरीवाल्यांची माला पाहिलेल्या कोणालाही हे एकांगी वाटेल. १९६८ मध्ये ॲबटचा संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विकत घेतला, आणि १९८१ ते १९८५ या काळात जॉन झारकोव्स्की व मारिया मॉरिस हँबर्ग यांनी त्यावरील चार खंड प्रसिद्ध केले. प्लेटांवरील क्रमांकांचा क्रम सरळ कालानुक्रमाचा नसून विषयवार खात्यांचा आहे, हे हँबर्ग यांनी उलगडून दाखविले, आणि त्यामुळे हजारो चित्रांचा काळ प्रथमच ठरविता आला.